पहिल्या सात वर्षांचा हिशेब

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची एक्सेलची फाइल मिळाली. चव्वेचाळिसाव्या वर्षी नोकरीला रामराम ठोकून जग पाहायला निघायचे तू ठरवले आहेस आणि "काका, आकडे तेवढे बरोबर आहेत का ते सांगा" एवढेच तुझे मागणे आहे. मी पंचेचाळिसाव्या वर्षी चिंचवडच्या कारखान्यातली नोकरी सोडून हाच उद्योग केला, हे तुझ्या वडिलांनी तुला सांगितलेले दिसते. तो उद्योग पहिल्याच वर्षी कसा अंगाशी आला, हे मात्र मी त्यांनाही कधी नीट सांगितलेले नाही. तेव्हा आकड्यांबरोबर तेही लिहितो, म्हणजे एका मुद्द्यावर मी इतका का अडून बसलो आहे, ते तुला कळेल.

आधी तुझे आकडे. दरमहा २५,००० रुपयांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात महिन्याच्या महिन्याला ठरावीक गुंतवणूक, पंधरा वर्षे, वर्षाला १२ टक्के परतावा आणि शेवटी सुमारे १ कोटी २६ लाख. गुणाकार चोख आहे. त्याच्या खालच्या रांगेत तू आजचाच महिन्याचा ६०,००० रुपये खर्च मांडून "कोटीच्या वर रक्कम, आरामात भागेल" असा शेरा मारला आहेस, आणि घोळ तिथे आहे. महागाई सरासरी ६ टक्के धरली, तर आज ६०,००० रुपयांत भागणारे घर पंधरा वर्षांनी सुमारे १ लाख ४४ हजारांत भागेल, आणि तुझ्या १ कोटी २६ लाखांची किंमत आजच्या रुपयांत साडेबावन्न लाखांच्या आसपास भरेल. पुढे त्या रकमेने महागाईइतकीच वाढ दिली, तर वर्षाला ७ लाख २० हजार खर्च असलेल्या माणसाला ती सात वर्षे आणि वर तीन-चार महिने पुरेल. पन्नाशी-एक्कावन्नच्या वयात नोकरीसाठी पुन्हा अर्ज करीत फिरणे काय असते, हे मी जवळून पाहिले आहे.

वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट पुंजी जमली की माणूस मोकळा, हा ठोकताळा तू फाइलच्या दुसऱ्या पानावर टिपून ठेवला आहेस. तो मुळात अमेरिकेतला आहे. विल्यम बेंगन या आर्थिक सल्लागाराने १९९४ साली तिथल्या शेअर आणि रोख्यांचे १९२६ पासूनचे आकडे तपासून असे दाखवले, की पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के, म्हणजे पंचविसावा हिस्सा, रक्कम काढली आणि पुढे दरवर्षी ती महागाईइतकी वाढवीत नेली, तरी पैसा तीस वर्षे टिकतो. त्यातला देश वेगळा, चलन वेगळे, महागाईही वेगळी. शिवाय ती तीस वर्षे साठीच्या माणसासाठी पुरेशी आहेत, तुला चव्वेचाळिशीपासून निदान पंचेचाळीस वर्षे काढायची आहेत. म्हणून मी पंचवीसऐवजी तेहतीसपट धरतो. हा आकडा कोणत्याही शास्त्राने दिलेला नाही, माझ्या भित्र्या स्वभावाने दिला आहे, आणि तो स्वभाव मला २००८ साली लागला.

त्या वर्षाच्या जानेवारीत मी राजीनामा दिला. २००३ साली ३,००० च्या आसपास असलेला सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक, २००७ च्या अखेरीस २०,००० च्या वर गेला होता, आणि पाच वर्षे असा चढता बाजार पाहिलेल्या माणसाला पुंजी शेअरच्या फंडांतून हलवावी असे वाटत नाही, तसे मलाही वाटले नाही. सगळे पैसे तिथेच ठेवून, लागतील तसे युनिट, म्हणजे फंडातले हिस्से, मोडायचे, असा साधा बेत होता. १० जानेवारीला निर्देशांक २१,२०० ला शिवला आणि डॉलर तेव्हा ३९ रुपयांच्या जरा वर होता. ऑक्टोबरात मी आणि तुझी काकू पेरूमध्ये कुस्को या गावी पोहोचलो. गाव समुद्रसपाटीपासून ३,४०० मीटर उंचीवर आहे. काकू विरळ हवेने डोके धरून हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा पीत पडली होती आणि मी चौकाजवळच्या सायबर कॅफेत बसून धाकट्या भावाला ईमेल करीत होतो, कारण सह्या करून ठेवलेले फंड मोडण्याचे अर्ज त्याच्याकडे होते. त्या स्पॅनिश कळफलकावर ईमेलच्या पत्त्यातले 'ॲट'चे चिन्ह नेहमीच्या जागी नव्हते. दहा मिनिटे झगडल्यावर कॅफेतल्या पोराने उजव्या हाताची एक कळ दाबून ते उमटवून दाखवले आणि मी भावाला लिहिले, "आणखी दोन लाखांचे मोडून टाक." पुण्यात दिवाळी एक दिवसावर आली होती. २७ ऑक्टोबरला सेन्सेक्स मध्येच ७,७०० च्या खाली गेला होता आणि डॉलर ५० रुपयांना टेकला होता.

यातली गोम बारकाईने पाहा. जानेवारीत शंभर रुपयांना असलेल्या माझ्या युनिटचे ऑक्टोबरात पंचेचाळीस रुपये आले. जानेवारीत त्या शंभरांचे अडीच डॉलर झाले असते. ऑक्टोबरातल्या पंचेचाळीस रुपयांचे जेमतेम नव्वद सेंट झाले. बाजार अर्ध्यावर आला असे सगळे म्हणत होते, परंतु परदेशात बसून खर्च करणाऱ्याची पुंजी तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ आली होती, कारण परकी पैसा बाहेर जातो तेव्हा शेअर आणि रुपया बहुतेक वेळा जोडीनेच पडतात. दोन वर्षांनी, २०१० च्या दिवाळीत, मुहूर्ताच्या सौद्यांना सेन्सेक्स पुन्हा २१,००० वर बंद झाला. ज्यांनी युनिट मोडली नव्हती त्यांना ती दोन वर्षे विसरताही आली असतील. माझी मोडलेली युनिट त्या चढात नव्हती, आणि तेव्हा मी भोसरीतल्या लहान वर्कशॉपना यंत्रांची देखभाल शिकवून महिन्याचा खर्च काढत होतो. ते काम मी तीन वर्षे केले.

निवृत्तीनंतरची पहिली सहा-सात वर्षे इतकी नाजूक असतात ती यामुळे. पुंजी त्या वेळी सर्वांत मोठी असते, त्यामुळे पडझडीचा फटकाही मोठा. आणि नोकरी नुकतीच सुटलेली असल्यामुळे पडलेल्या भावात विकत घ्यायला पगार नसतो, उलट विकावेच लागते. साधा निवृत्त माणूस अशा वर्षी खर्चाला कात्री लावून घरी बसतो. जगप्रवासासाठी निवृत्त झालेल्याचा सर्वांत जास्त खर्च नेमका याच वर्षांत होतो, कारण गुडघे धड आहेत, उमेद आहे, आणि इतकी वर्षे मनात साठवलेली यादी हातात आहे. तुझ्या फाइलमध्ये पुंजीचा आकडा आहे, तो कोणत्या वर्षी किती लागेल याचा क्रम कुठेच नाही.

तेव्हा माझे सांगणे असे की खर्चाचा एक रकाना मोडून दोन कर. तुझ्या ६०,००० पैकी किराणा, सोसायटीचा मेंटेनन्स, विम्याचे हप्ते, औषधे आणि आईवडिलांसाठीचे पैसे मिळून ३५,००० रुपये कोणत्याही वर्षी चुकणार नाहीत. उरलेले २५,००० तू प्रवासाला धरले आहेस, आणि प्रवास वर्षभर पुढे ढकलता येतो. न चुकणाऱ्या वर्षभराच्या खर्चाच्या तेहतीसपट, म्हणजे आजच्या रुपयांत १ कोटी ३९ लाखांच्या आसपास, ही मुख्य पुंजी. प्रवासाचे पहिल्या सात वर्षांचे आजच्या भावाने २१ लाख हे निराळे गाठोडे. ते शेअरबाजारात शेवटपर्यंत ठेवायचे नाही आणि मुख्य पुंजीतून एका तिकिटासाठीही उचल करायची नाही. सात वर्षांनंतरचा प्रवास मुख्य पुंजी तोवर किती वाढली आहे ते पाहून ठरेल. सगळ्या खर्चाच्या तेहतीसपटीपेक्षा हे ओझे पुष्कळ हलके आहे, हे तुझ्या लक्षात येईलच.

पंधरा वर्षांनी ते २१ लाख महागाईने पन्नास लाख होतात. इथे आपल्याकडचे जुनेच पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे, खाते चपखल बसते, कारण त्याची मुदतही पंधरा वर्षांचीच, उघडले ते आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजलेली. वर्षाला दीड लाख या कमाल मर्यादेने भरत गेलीस आणि व्याजाचा आजचा ७.१ टक्के दर टिकला, तर शेवटी सुमारे ४० लाख ६८ हजार रुपये हातात येतात आणि त्यांवर कर नाही. सरकार दर तिमाहीला हा दर जाहीर करते आणि तो पुढे खालीही येऊ शकतो, एवढे लक्षात असू दे. कमी पडणारे दहा लाख नोकरीतल्या भविष्यनिर्वाह निधीतून येतील. तू ज्याला कंटाळवाणे म्हणून फाइलमधून वगळलेस, ते खाते तुझ्या सगळ्या भटकंतीचा खर्च उचलणार आहे.

मुख्य पुंजीसाठी एसआयपी ३८,००० पासून सुरू करून दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवत नेलीस, तर तुझ्या १२ टक्क्यांच्या हिशेबाने चव्वेचाळिसाव्या वर्षी ३ कोटी ३० लाखांच्या आसपास पोहोचशील, आणि १ कोटी ३९ लाखांचे तेव्हाचे मोल जवळपास तितकेच आहे. परतावा १० टक्केच मिळाला, तर सुमारे ४८ लाख कमी पडतील आणि नोकरी दोन वर्षे लांबेल. युनिट विकताना वर्षाला सव्वा लाखावरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २०२४ पासून साडेबारा टक्के कर आहे, तोही धर. ३८,००० आणि पीपीएफचे साडेबारा हजार मिळून साडेपन्नास हजार होतात. हातात १ लाख १० हजार येतात, ६०,००० खर्च होतात असे तू लिहितेस आणि गुंतवणूक २५,००० ची दाखवतेस. मधले २५,००० दरमहा कुठे जातात, हे फाइल सांगत नाही, आणि माझा अंदाज आहे की तुलाही सांगता येणार नाही. घरभाड्याचा किंवा घराच्या हप्त्याचा रकानाही दिसत नाही. आज तू आईवडिलांकडे राहतेस म्हणून तो रिकामा आहे, पुढे लग्न किंवा बदली झाली की भरेल.

मुख्य पुंजीतला पाचवा हिस्सा तरी परदेशी निर्देशांकाच्या, म्हणजे तिथल्या शेअरबाजाराबरोबर वरखाली होणाऱ्या, फंडात असावा, म्हणजे रुपया घसरेल तेव्हा तुझ्याकडचे काही वर जाईल. या फंडांवर परदेशी गुंतवणुकीची एकूण मर्यादा आहे आणि ती भरत आल्यामुळे २०२२ साली अनेकांनी नवे पैसे घेणे थांबवले होते, म्हणून ही गोष्ट अखेरच्या वर्षावर ठेवू नकोस.

पैशांपलीकडचे दोन अडथळे तुझ्या ध्यानात आलेले नाहीत. पहिला व्हिसाचा. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा मागताना नोकरदार माणूस मालकाचे रजामंजुरीचे पत्र आणि पगाराच्या पावत्या जोडतो आणि तो परत येणार यावर अधिकाऱ्याचा विश्वास बसतो. चाळिशीतली, नोकरी नसलेली, एकटी प्रवास करणारी बाई पाहिली की तोच अधिकारी दोनदा विचार करतो. माझाही पहिला अर्ज नोकरी नसल्याच्या कारणाने फेटाळला गेला. दुसऱ्या वेळी तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, फंडांतून दरमहा खात्यात येणाऱ्या रकमेचे बँकेचे उतारे आणि घराचा कर भरल्याची पावती जोडली तेव्हा मिळाला. म्हणून नोकरी सोडल्यावर उत्पन्न करपात्र नसले तरी विवरणपत्र भरत जा. तिथे १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो, तेव्हा वर्षभर युरोपात हिंडण्याचा तुझा बेत मुळातच बसत नाही. त्याऐवजी व्हिएतनाम पाहा, ते २०२३ पासून ९० दिवसांचा ई-व्हिसा देते. जाण्यायेण्याचे तिकीट ४०,००० चे असेल, तर दहा दिवसांच्या सहलीत ते दिवसाला ४,००० पडते आणि साठ दिवस राहिलीस तर ६७० च्याही खाली, आणि महिन्याच्या बोलीने घेतलेल्या खोलीत स्वतःची भाजी-चपातीही होते.

दुसरा अडथळा आजारपणाचा. कंपनीचा मेडिक्लेम सहसा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. स्वतःची पॉलिसी आजच घे. आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते आणि चव्वेचाळिशीत रक्तदाब निघाल्यावर अर्ज करण्यापेक्षा एकोणतिसाव्या वर्षी थांबणे सोपे.

या साऱ्याआधी एक रंगीत तालीम कर. येत्या वर्षभरात दोन महिन्यांची बिनपगारी रजा काढ, आधी ठरवून घेतलेल्या रोजच्या खर्चातच एका गावी राहा आणि दररोज रात्री वहीत पैसे लिहून ठेव. पाचव्या आठवड्यात, देवळे आणि संग्रहालये पाहून संपल्यावर, सकाळी उठून काय करावेसे वाटते तेही लिही. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ याच तालमीनंतर कारखान्यात परतले आणि अजून आनंदाने तिथे आहेत.

दसऱ्यानंतर आम्ही दोघे दोन महिन्यांसाठी हनोईला जात आहोत. त्याआधीच्या एखाद्या रविवारी सकाळी घरी ये, म्हणजे दोन रकान्यांची नवी फाइल समोर बसून करू. येताना गेल्या सहा महिन्यांचे बँकेचे उतारे आण, ते मधले २५,००० शोधायला लागतील. आणि आईवडिलांच्या आरोग्यविम्याचे कागदही आण, कारण त्यांचे वय तुझ्या फाइलमध्ये कुठेच नाही.

तुझा,
काका