साडेआठ हजारांची हत्यारं आणि वर्षाचे साडेतीनशे

प्रश्न : मी लातूरला राहतो, शाळा औशाला. सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, वर्षाला नऊ हजार किलोमीटर होतात. यंदा सर्व्हिसचं बिल ७,४०० रुपये आलं. घरीच ऑइल आणि फिल्टर बदलायचं ठरवून ऑनलाइन हत्यारं पाहिली : ट्रॉली जॅक, गाडीखाली टेकवायचे दोन स्टँड, टॉर्क पाना (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा), सॉकेट सेट, फिल्टर पाना, ट्रे, मिळून ८,६००. ऑइल-फिल्टरचे १,६०० वजा केले तर वर्षाला ५,८०० वाचतात, म्हणजे दीड वर्षात पैसे वसूल. सहा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर घेऊ का?

उत्तर : नमस्कार सर. बिलाचा फोटो जोडलात हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे.

तुमची वजाबाकी बरोबर आहे, पण ती दोन वेगळ्या कामांची आहे. ७,४०० हे पूर्ण सर्व्हिसचं बिल आहे आणि १,६०० फक्त ऑइल बदलण्याचा खर्च. बिलात ऑइल १,६५०, फिल्टर १४० आणि ड्रेन बोल्टचा वॉशर २० असे १,८१० आहेत. मजुरी १,९००, पण त्यात ब्रेक उघडून साफ करणं, कूलंट आणि ब्रेक ऑइल बघणं, खालचे नट-बोल्ट तपासणं हेही आलं. घरी ऑइल बदललं म्हणून ब्रेक आपोआप तपासले जात नाहीत. रोज औशाला जाऊन येणाऱ्या सात वर्षांच्या गाडीचं हे काम मी कुणालाही टाळू देणार नाही.

मग तुलना कशाशी करायची? ऑइल आणि फिल्टर स्वतः विकत घेऊन ओळखीच्या फिटरकडे गेलात, तर नुसत्या बदलायच्या कामाचे तो तीन-साडेतीनशे घेईल. घरी करून तुमचे वाचणार ते एवढेच, तेही वर्षातून एकदा. साडेतीनशेच्या हिशोबाने ८,६०० फिटायला साडेचोवीस वर्षं लागतील. तोवर ही गाडी तुमच्याकडे असेल का?

ईएमआयचंही सांगतो. नो कॉस्टमध्ये व्याजाएवढी रक्कम सवलत म्हणून वळती होते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बँक तुमच्याकडूनच घेते, वर बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी असते. रक्कम किरकोळ आहे. पण पान्यासाठी हप्ता? नको.

आता जोखीम. बजेटमध्ये ती कुणी धरत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बऱ्याच छोट्या गाड्यांचं ऑइल चेंबर ॲल्युमिनियमचं असतं. ड्रेन बोल्ट तिरका बसला किंवा जोर लावून जास्त आवळला की आटे जातात, आणि मग नवे आटे पाडा नाहीतर चेंबरच बदला. दुसरी चूक अशी की जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनलाच चिकटून राहते. ती न बघता नवा फिल्टर चढवला की दोन रिंगा एकावर एक बसतात. गाडी सुरू होते, सगळं ठीक वाटतं आणि रस्त्यात दाबाने ऑइल बाहेर पडतं. ऑइलचा लाल दिवा लागल्यावरही दोन-चार किलोमीटर दामटली तर इंजिन जाम. साध्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड बसत नाही, त्यामुळे तो खर्च पूर्ण तुमचा. साडेतीनशे वाचवायला ही जोखीम मला महाग वाटते.

आणि जागा. अंगण मातीचं असेल तर विषयच संपला. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात जॅक रुततो, उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीवर कलतो. फरशी किंवा काँक्रीट सपाट असेल तरच, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, खाली स्टँड हवेतच.

काढलेल्या काळ्या ऑइलचंही बघावं लागेल. गावाकडे ते वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात, उरलेलं नाल्यात जातं. २०१६च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा आहे, आणि विहीर-बोअरच्या आसपास ओतलेलं ऑइल झिरपून कुठे जातं ते वेगळं सांगायला नको. फिटरकडे बदललं तर ते त्याच्या ड्रममध्ये जातं. तो ड्रम पुढे कुणाला देतो, तेवढं विचारून घ्या.

तुमचे खरे पैसे गेलेत ते बिलाच्या खालच्या अर्ध्या भागात. इंजिन फ्लश ४५०, इंजेक्टर क्लीनर ६००, एसी ट्रीटमेंट ९००, ‘स्पेशल क्लीनिंग’ ६४०. एकूण २,५९०. गाडीच्या मॅन्युअलमधला देखभालीचा तक्ता उघडा. हे चार प्रकार त्यात नसतील, तर एकही पाना विकत न घेता वर्षाला अडीच हजारांवर वाचतात. अलाइनमेंट-बॅलन्सिंगचे ७५० मात्र राहू द्या, आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. एअर फिल्टरचे ३५० लावलेत. तो बहुतेक गाड्यांत क्लिपा उघडून पाच मिनिटांत बदलता येतो. आपल्याकडच्या धुळीत मधूनमधून उघडून बघायलाच हवा, तेव्हा हे काम घरीच करा. त्याच तक्त्यात धुळीच्या रस्त्यांसाठी ऑइलची मुदत कमी दिली आहे का तेही बघा. फिटर म्हणतो म्हणून ऑइल पाच हजार किलोमीटरवर बदलू नका, आणि बिल वाचवायला मुदतीपुढेही ढकलू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की ‘हाताने काही करायची आवडही आहे’. मला वाटतं खरं कारण हेच, आणि त्यात गैर काही नाही. फक्त ते बचतीच्या रकान्यात लिहू नका, हौसेच्या लिहा. सुरुवात मोटरसायकलपासून करा. मेन स्टँडवर उभी राहते, जॅक लागत नाही, ऑइल लिटरभर. भावाचा ट्रॅक्टर आहे म्हणता, तर त्याच्या पेटीत सॉकेट-पाने असतीलच. ट्रे आणि नवा वॉशर घेतला की झालं. ट्रॅक्टरचं उरलेलं डिझेल इंजिनचं ऑइल मात्र मोटरसायकलमध्ये ओतू नका. वर्षभर हे जमलं आणि तरी कारचा मोह राहिला, तर टॉर्क पाना आणि स्टँड रोखीने घ्या.

८,६०० मधला मोठा भाग मी दुसरीकडे वळवेन. सात वर्षांच्या गाडीला टायर आणि बॅटरी हे खर्च आता येणारच, आणि ते एकदम येतात. पगाराच्या खात्याला जोडून महिना हजाराची आरडी सुरू करा, नाव ‘गाडी’ ठेवा. बिलातून वगळलेले २,५९० तिथला अडीच महिन्यांचा हप्ता भरतात.

पुढच्या वेळी गाडी सोडताना जॉब कार्डवर, म्हणजे करायच्या कामांच्या कागदावर, सही करण्याआधी त्यावर लिहून घ्या : ‘फोन करून विचारल्याशिवाय जादा काम करू नये.’ मग सही करा आणि कार्डाचा फोटो काढून ठेवा.