न्यू जर्सीत दुभाषी व्हायचंय? मग आधी कान तयार करा

ताई, तुम्ही विचारलंय की पुण्यात दहा वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतर केलंय, आता नवऱ्याच्या नोकरीमुळे न्यू जर्सीला यायचंय, तर इथल्या हॉस्पिटलांत दुभाषीचं काम जमेल का. मी इथे हेच करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी व्हिसा. एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरी-व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, आल्या आल्या काम करता येत नाही, घरबसल्या फोनवरचंही नाही. साधारणपणे नवऱ्याची आय-१४० (ग्रीन कार्डाच्या वाटेवर कंपनी करते तो अर्ज) मंजूर झाली की ईएडीसाठी, म्हणजे कामाच्या परवान्यासाठी, अर्ज करता येतो. तोवरचा काळ तयारीत घालवा.

कारण लेखी भाषांतराची सवय इथे आडवी येते. तिथे वाक्य पुन्हा वाचता येतं, शब्दकोश उघडता येतो. इथे पेशंट बोलून थांबतो आणि लगेच तुमची पाळी. याला कन्सेक्युटिव्ह म्हणतात. बोलायचं 'मी' म्हणूनच: 'आजी म्हणतात की त्यांचं पोट दुखतंय' नाही, थेट 'माझं पोट दुखतंय'. डॉक्टरने आजींकडे बघावं, तुमच्याकडे नाही, म्हणून.

खरे प्रसंग मी सांगणार नाही, गोपनीयता पाळावी लागते. पण आपली म्हातारी माणसं बोलतात कशी ते तुम्हाला माहीतच आहे: 'परवापासून जीव घाबरा होतोय, अन्नावर वासना नाही, गोळी पाऊणच घेते.' या एका वाक्यात तीन खड्डे आहेत. 'जीव घाबरा' म्हणजे भीती, धडधड की दम लागणं? नुसतं 'अँक्शस' म्हटलंत तर तपासणीची दिशाच बदलेल. तिथे आपल्या मनाने अर्थ लावायचा नाही. 'दुभाषी खुलासा विचारतेय' असं दोन्ही भाषांत सांगून विचारायचं. 'पाऊण' घाईत अर्धी होते. तिसरा खड्डा 'परवा': डॉक्टरांचा 'डे आफ्टर टुमारो' मराठीत आणताना नुसतं 'परवा' म्हणू नका, वारही सांगा. आपला परवा मागचाही असतो आणि पुढचाही.

वहीत शब्द लिहित बसू नका. आकडे, औषधांची नावं, नकार आणि 'पण', 'म्हणून', 'जर' एवढंच टिपा, एकाखाली एक. बाकी डोक्यात राहिलं पाहिजे. रोज आकाशवाणीच्या बातम्या मिनिटभर ऐका, बंद करा, आधी मराठीतच पुन्हा सांगा. आठवड्याभराने इंग्रजीत. सुरुवातीला रडू येतं, माझंही तसंच झालं होतं.

प्रमाणपत्रासाठी सीसीएचआय या वैद्यकीय दुभाष्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी संस्थेची कोअर सीएचआय परीक्षा बघा. त्याआधी किमान ४० तासांचं वैद्यकीय दुभाषी प्रशिक्षण आणि दोन्ही भाषा येत असल्याचा पुरावा लागतो. परीक्षा इंग्रजीत असते, म्हणून मराठीवाल्यांनाही देता येते.

सरकारी निधी घेणाऱ्या हॉस्पिटलांना कायद्याने पेशंटला मोफत दुभाषी द्यावा लागतो. आणीबाणी सोडली तर लहान मुलांकडून हे काम करून घेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. नातवाने आजीला कॅन्सर झाल्याचं का सांगावं?

मराठीचे कॉल मात्र थोडे येतात, एवढ्यावर घर चालेल असं धरू नका. हिंदी चांगली असेल तर तिचीही चाचणी द्या. मला निम्म्याहून जास्त काम हिंदीतच मिळतं.