दोन याद्या सारख्या दिसतात, तरी जावा ‘फॉल्स’ का म्हणते?

समजा, ‘विद्यार्थी’ या तुम्ही लिहिलेल्या क्लासच्या वस्तूंच्या दोन याद्या (लिस्ट) तुम्ही इक्वल्सने, म्हणजे समानता तपासणाऱ्या मेथडने, ताडल्या आणि उत्तर फॉल्स (‘नाही’) आले. तुमची यादी बरोबर आहे, अडचण आतल्या वस्तूंत आहे. लिस्टचे इक्वल्स दोन्हीकडची लांबी आणि क्रम पाहते, मग प्रत्येक जोडीसाठी त्या वस्तूचे इक्वल्स विचारते. ‘विद्यार्थी’ क्लासमध्ये ते तुम्ही लिहिलेले नसेल, तर ऑब्जेक्ट या सगळ्या क्लासेसच्या मूळ क्लासकडून आलेले चालते, आणि ते फक्त ‘हीच ती वस्तू का?’ एवढेच बघते. हजेरी क्रमांक, नाव सगळे जुळूनही उत्तर फॉल्स.

म्हणून आधी क्लासमध्ये इक्वल्स लिहा, आणि त्याच बैठकीत हॅशकोडही (वस्तूवरून एक आकडा काढणारी मेथड), तीच फील्ड्स वापरून. हॅशकोड राहिला तर लिस्ट बरोबर चालेल, पण हॅशसेट (त्या आकड्यानुसार वस्तू कप्प्यांत ठेवणारा संच) समान वस्तू चुकीच्या कप्प्यात शोधेल. ही चूक उशिरा सापडते, म्हणून फार छळते. जावा १६ किंवा पुढची असेल तर सरळ रेकॉर्ड (फक्त माहिती ठेवणारा छोटा क्लास) वापरा, इक्वल्स आणि हॅशकोड दोन्ही आयते मिळतात.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- दोन याद्या ताडताना इक्वल्सऐवजी दुहेरी बरोबर चिन्ह (==) वापरणे.
- इक्वल्सचा पॅरामीटर ‘विद्यार्थी’ ठेवणे. तो ऑब्जेक्टच हवा. मेथडच्या वरच्या ओळीत @Override (ओव्हरराइड) लिहा, कंपायलर चूक पकडेल.
- अॅरेवर थेट इक्वल्स चालवणे. तिथे अॅरेज क्लासचे इक्वल्स लागते.
- लिस्टची सेटशी तुलना. उत्तर कायम फॉल्स.

क्रम महत्त्वाचा नसेल आणि कोणतीही वस्तू दोनदा येत नसेल, तर दोन्हींचे हॅशसेट करून ताडा. दोनदा येत असेल तर प्रती मोजाव्या लागतात; ते सध्या राहू द्या. आधी दोनच विद्यार्थ्यांवर इक्वल्स तपासा, मग यादीकडे वळा.