मीटर मागे फिरवलेली गाडी: आधी जॉबकार्ड, मग ग्राहक आयोग, पोलीस ठाणं त्यानंतर

नमस्कार. तुमचं सगळं वाचलं. 2017 ची डिझेल गाडी, जाहिरातीत "एकाच मालकाची, घरगुती वापर, 46,000 किमी", आणि पहिल्याच सर्व्हिसिंगला कळलं की 2021 मध्येच तिचे 1,18,000 झाले होते. डीलर म्हणतो, "चालवून बघून घेतली, जशी आहे तशी लिहून दिलंय." तुम्ही विचारलंय, उद्या पोलीस ठाण्यात जाऊ का? माझा प्रकार 2021 चा. डीलर दुसरा, गाडी दुसरी, पण वाक्य अगदी हेच ऐकलंय, म्हणून सविस्तर लिहितोय. मी वकील नाही. कलमं माझ्या केसमुळे माहीत झाली, तरी दाखल करण्याआधी एखाद्या वकिलाला कागद दाखवून घ्याच.

उद्या ठाण्यात जाऊ नका. उद्या सर्व्हिस सेंटरला जा आणि तो 1,18,000 चा आकडा कागदावर घ्या. काउंटरवरचा माणूस स्क्रीन वळवून दाखवतो, प्रिंट मागितली की "आधीच्या गिऱ्हाईकाची माहिती आहे, देता येत नाही" म्हणतो. आरसी तुमच्या नावावर झालीय ना? मग आरसीची प्रत जोडून लेखी अर्ज द्या, तोच मजकूर कंपनीच्या ग्राहक सेवेला मेल करा, चासी नंबर टाकून. मागणी एवढीच ठेवा: प्रत्येक जॉबकार्डची (सर्व्हिसिंगच्या नोंदीच्या कागदाची) तारीख आणि त्या दिवशीचं मीटर रीडिंग. आधीच्या मालकाचं नाव, फोन काही नको म्हणून स्पष्ट लिहा, मग नाही म्हणायला कारण उरत नाही. तरी दिलं नाही तर मेल जपून ठेवा. कागदपत्रं हजर करायला लावण्याचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार ग्राहक आयोगाला आहेत, तिथे अर्ज देऊन जॉबकार्ड मागवता येतात.

माझ्या हातात शेवटी जो कागद आला त्यावर दोन ओळी एकाखाली एक होत्या. वरच्या ओळीत ब्रेक पॅड बदलल्याची तारीख आणि 1,06,212. खालच्या ओळीत पुढच्या वर्षीची तारीख आणि 51,340. सगळी केस त्या दोन ओळींवर चालली, बाकी वाद कुणी फार ऐकला नाही.

आता ठाण्याबद्दल. कुठलं ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. मी अर्ज, जाहिरातीची प्रिंट, पैसे दिल्याचं बँक स्टेटमेंट घेऊन गेलो. अंमलदारांनी अर्ज वाचला, टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि माझ्यासमोरच डीलरला फोन लावला. डीलर आला, सोबत दोघे. मग सुरू झालं "बसून मिटवा". दर वेळी आठ दिवसांनी या. दर वेळी डीलर थोडा आकडा वाढवणार, मी नाही म्हणणार, आणि साहेब सांगणार की हा दिवाणी व्यवहार आहे, आमचा विषय नाही. दिवाणी असेल तर मग मला तिथे बोलावत का होते? गुन्हा नोंद नाही, अर्ज निकाली काढल्याचं पत्र नाही, पहिल्या दिवशी मागूनही पोच नाही. काही महिने तसेच गेले. तेवढ्यात डीलरने ऑनलाइन जाहिरात काढून टाकली, दुकानाची पाटी बदलली, आणि पुढे आयोगापुढे त्याचा पहिला बचाव काय? "त्या नावाचा व्यवसाय माझा नाही." ही संधी त्याला त्या मिटवामिटवीने मिळवून दिली. मला आजही त्याचा राग आहे. फसवणूक झालेल्या माणसाला खुर्चीवर बसवून त्याच्याकडूनच सवलत मागायची, याला मी मदत म्हणत नाही.

त्या बैठकीत स्टॅम्पवर एक मजकूर तयार करून आणला होता: अर्धी रक्कम, तीही पुढच्या तारखेच्या चेकने, आणि खाली "यापुढे माझी कोणतीही तक्रार राहिलेली नाही". तुमच्यासमोरही असा कागद येईल. सही करू नका. पैसे खात्यात जमा होण्याआधी "तक्रार नाही" असं लिहून दिलंत की ग्राहक आयोगात तोच कागद तुमच्याविरुद्ध पहिला दाखल होतो. कुणी आधीच चेक घेऊन बसला असेल आणि तो न वटता परत आला असेल, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला 15 दिवस, आणि त्यानंतर महिन्याभरात कलम 138 ची, म्हणजे चेक न वटल्याची केस. त्या तारखा चुकवू नका.

म्हणून आज रात्रीच करायचं काम: जाहिरात अजून दिसत असेल तर स्क्रीनशॉट, लिंकसकट. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं एक्सपोर्ट करा आणि तो मोबाईल विकू किंवा फॉरमॅट करू नका. डीलरच्या दुकानाचा पाटी दिसेल असा फोटो, मिळाला तर जीएसटी क्रमांक असलेलं बिल किंवा व्हिजिटिंग कार्ड. मीटरचा फोटो तारखेसह. गाडी वापरावी लागते हे मान्य, पण सगळं कळल्यावर हजारो किमी पळवलीत तर "गाडी चांगलीच आहे की" हा युक्तिवाद त्याला फुकट मिळतो. आणि केस चालू असताना गाडी विकून टाकू नका, परत काय देणार मग?

समोर पक्षकार कुणाला करायचं, इथे डीलर हमखास निसटायला बघतो. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर विकणारा म्हणून सही मूळ मालकाची असते. डीलर म्हणतो, मी फक्त मध्यस्थ. त्यामुळे दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, आणि पैसे कुणाच्या खात्यात गेले ते ठळक मांडा. रोख दिले असतील तर चॅटमध्ये रकमेचा उल्लेख शोधा. तुमच्या बाजूने आता एक गोष्ट आहे जी माझ्या वेळी नव्हती: 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म 29सी मधून तशी ऑनलाइन सूचना द्यायची असते. त्यानंतर कागदोपत्री डीलरच मालक मानला जातो. एमएच-13 ला, म्हणजे सोलापूर आरटीओला, माहिती अधिकारात एवढंच विचारा: या डीलरकडे अधिकारपत्र आहे का, या गाडीची 29सी सूचना झाली होती का. उत्तर हो असेल तर तो मध्यस्थ उरत नाही. नाही असेल तर तो परवान्याशिवाय धंदा करत होता. दोन्ही उत्तरं तुमच्या कामाची. गाडी कर्नाटकातल्या केए-28 किंवा केए-32 पासिंगवरून इकडे आलेली असेल तर एनओसीचे कागदही मागवा, मधल्या मालकांची साखळी त्यात कळते.

आता मुख्य रस्ता, म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, 2019. तुम्ही सोलापुरात राहता, तेवढ्यावर सोलापूर जिल्हा आयोगात तक्रार दाखल होते, डीलर पुण्याचा असला तरी. गाडीची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील बंधनकारक नाही, ऑनलाइनही दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. कारण कळलं त्या दिवसापासून धरा असं म्हणता येतं, पण उगाच वाद नको, खरेदीच्या तारखेपासूनच मोजा. नोटीस सक्तीची नाही, तरी स्पीड पोस्टने एक पाठवा आणि पोच ठेवा. मागणीत नुसतं "नुकसान भरपाई" लिहू नका. गाडी परत घेऊन पूर्ण किंमत व्याजासह, ट्रान्सफरचा खर्च, विमा, केलेली दुरुस्ती, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च, प्रत्येकासमोर आकडा. "पूर्ण परतावा नाही तर खऱ्या किमतीतला फरक" अशी पर्यायी मागणीही घाला.

दोन अडचणी. गाडी टॅक्सीसाठी घेतली असेल तर "व्यावसायिक हेतू" म्हणून तुम्ही ग्राहकच नाही असा मुद्दा निघतो, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर बचाव आहे. आणि डीलर मध्ये नसताना शेजाऱ्याकडून किंवा ओळखीत थेट घेतली असेल तर हा रस्ता बंदच समजा, मग दिवाणी कोर्ट.

"जशी आहे तशी" ला घाबरू नका. ते कलम ओरखडे, घासलेले टायर, जुना एसी यांच्यासाठी चालतं. खोटा आकडा सांगून घेतलेली संमती भारतीय करार कायद्यात फसवणुकीखाली, कलम 17 मध्ये येते आणि असा करार रद्द ठरवता येतो. डीलरचा वकील म्हणेल, थोडी चौकशी केली असती तर कळलं असतं. कलम 19 मधला तो अपवाद गैरसमज करून देणं आणि गप्प राहणं यासाठी आहे. इथे तर आकडाच मुद्दाम बदललाय. मात्र बदलला कुणी, हे तुम्ही सिद्ध करू शकणार नाही कदाचित. मी तिथे अडकलो नाही, कारण वकिलांनी मांडणीच अशी केली: कुणीही फिरवला असेल, पण विकताना तो आकडा खरा म्हणून छापला डीलरने. ही मांडणी तुम्हीही वापरा.

शंका असेल तर गाडी स्कॅन करून घ्या. मीटरमधला आकडा बदलला तरी बऱ्याच गाड्यांत इतर कंट्रोल युनिटमध्ये जुन्या नोंदी राहतात. खासगी गॅरेजवाल्याचा रिपोर्ट चालतो, पण त्याची सही, शिक्का आणि प्रतिज्ञापत्र घ्या, नाहीतर तो नुसता कागद. गाडीचा विमा मध्ये खंडित झालेला असेल तर त्या वेळच्या तपासणीत मीटरचा फोटो काढलेला असण्याची शक्यता असते, विमा कंपनीला विचारा.

वेळेबद्दल खोटी आशा देत नाही. कायद्यात तीन महिने लिहिलेत, तपासणी लागली तर पाच. तितक्यात होत नाही. पण विरुद्ध पक्षाला लेखी म्हणणं द्यायला 30 दिवस आणि वर जास्तीत जास्त 15, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये पक्कं केलंय. 46 व्या दिवशी तो म्हणणं घेऊन आला तर लगेच हरकत घ्या. माझ्या बाजूने आदेश झाला तेव्हाही डीलर गप्प बसला. आदेशाच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त टाकली, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 72 खाली तुरुंगाची तरतूद आहे हे त्याच्या वकिलाने त्याला सांगितलं असावं, तेव्हा पैसे आले.

आणि हे सगळं दाखल झाल्यावर मग पोलीस. तुमचा व्यवहार 1 जुलै 2024 नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318(4), आधीचा असेल तर भारतीय दंड संहितेचं जुनं 420. ठाण्यात घेतलं नाही तर वाद घालत बसू नका, अर्ज पोस्टाने वरिष्ठांना पाठवा: शहर हद्द असेल तर पोलीस आयुक्तालय, बार्शी-मोहोळ-अक्कलकोटकडची असेल तर ग्रामीणचे पोलीस अधीक्षक. त्यावरही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. तोपर्यंत आयोगात तुमच्या तारखा सुरू असतात, त्यामुळे "मिटवा" म्हणणाऱ्याला सांगता येतं की जे काही असेल ते आयोगापुढे लेखी द्या.

कर्ज काढून घेतली असेल तर हप्ता थांबवू नका. बँकेने तुम्हाला फसवलेलं नाही, आणि सिबिल बिघडलं तर तो त्रास वेगळा.

तक्रारीचा कच्चा मसुदा झाला की नाव, नंबर, चासी नंबर झाकून इथे टाका. घटनांच्या तारखा आणि मागणीचा परिच्छेद या दोन गोष्टी मी बघून देईन. बाकी भाषा कशीही असू द्या, तिथे कुणी व्याकरण बघत नाही.