फेस, बुडबुडे आणि कडवटपणा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही पाच-सहा जण एकत्र बसून चार क्राफ्ट बिअर (छोट्या ब्रुअरींच्या) आणि दोन सायडर (आंबवलेल्या सफरचंदाच्या रसाच्या) चाखून बघतो. पण तिसऱ्या-चौथ्या ग्लासनंतर सगळ्याच सारख्या लागायला लागतात. आमची जीभ तयार नाही की पद्धत चुकतेय?

उत्तर: पद्धत. बहुतेक वेळा क्रम, मात्रा आणि तापमान या तिन्हींत गडबड असते.

आधी क्रम. आयपीए (इंडिया पेल एल, चांगलीच कडू बिअर) सुरुवातीला घेतली की हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, कडवटपणा जिभेवर रेंगाळतो आणि नंतरची पिल्सनर (फिकट, हलकी बिअर) पाणचट वाटते. म्हणून कमी कडू आणि कमी अल्कोहोलपासून सुरुवात करा: गव्हाची बिअर किंवा पिल्सनर, मग पेल एल, मग आयपीए, मग स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी बिअर), आणि बार्ली वाइनसारखी जड बिअर अगदी शेवटी. कोरडी, म्हणजे गोड नसलेली, सायडर या सगळ्यांच्या आधी घ्या, गोड सायडर सगळ्यांच्या नंतर. खरं तर सायडरसाठी वेगळी बैठक ठेवलेली उत्तम. हॉप्सच्या कडवटपणानंतर सफरचंदाच्या आंबटपणाची नीट तुलना होत नाही.

मात्रा ६० ते ९० मिली पुरेशी आहे, आणि एका बैठकीत पाच-सहा नमुन्यांच्या पुढे जाऊ नका. तोंडाशी जरा निमुळता ग्लास घ्या आणि एक तृतीयांशच भरा, म्हणजे वास वरच्या मोकळ्या जागेत साठतो. दोन नमुन्यांच्या मध्ये साधं पाणी आणि बिनमिठाचा पाव. चीज, लोणचं, मसालेदार फरसाण चाखणं संपल्यावर.

तापमानाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. थेट फ्रिजमधून ४ अंशांवर आलेल्या स्टाउटचा वास दबलेला असतो. मग ती फक्त कडू आणि पातळ लागते, आणि दोष बिअरला मिळतो. साधारणपणे लागर (पिल्सनर हा तिचाच प्रकार) ४ ते ७ अंश सेल्सिअस, पेल एल आणि आयपीए ७ ते १०, स्टाउट आणि जड बिअर १० ते १३, कोरडी सायडर ८ ते १० अंशांवर द्या. एका रिकाम्या ग्लासात फ्रिजमधलं तेवढंच पाणी ओतून त्यात थर्मामीटर ठेवला की अंदाज लागतो.

ओतल्याबरोबर आधी वास घ्या, कारण हॉप्सचे आणि गंधकाचे वास पहिल्या मिनिटातच उडायला लागतात. मग घोट घ्या आणि गिळा. वाइनसारखं थुंकून बिअरची पारख पूर्ण होत नाही, कडवटपणाची खरी लांबी गिळल्यानंतरच कळते. प्रत्येकाने आपलं मत आधी कागदावर लिहावं आणि मगच बोलावं. एकाने ‘आंब्याचा वास येतोय’ म्हटलं की बाकीच्यांनाही तो यायला लागतो.

दोन बिअरमध्ये खरंच फरक आहे का, हे बघायचं असेल तर त्रिकोणी चाचणी करा. तीन ग्लास घ्यायचे, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. रंग वेगळे असतील तर अपारदर्शक कप वापरा, आणि ओतणाऱ्याने चाखायला बसू नये. वेगळा ग्लास निव्वळ अंदाजानेही तीनांतून एकदा ओळखता येतो, त्यामुळे एकट्याने एकदा बरोबर सांगितलं तर त्याला फारसा अर्थ नाही. सहापैकी पाच जणांनी ओळखला, तर फरक खरा मानायला हरकत नाही.

प्रश्न: लेबलवर ६० आयबीयू लिहिलेली इम्पीरियल स्टाउट ३५ आयबीयूच्या पिल्सनरपेक्षा कमी कडू का लागते?

उत्तर: आयबीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे किती मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्लं आहेत, याचा आकडा. हे कडू घटक हॉप्स उकळताना तयार होतात. तो कडवटपणा जिभेला किती जाणवेल, हे मात्र सोबतच्या माल्टवर (मोड आणून वाळवलेल्या धान्यावर) अवलंबून असतं. त्यासाठी सोपा हिशोब आहे: आयबीयूला सुरुवातीच्या घनतेच्या (आंबवण्याआधी माल्टचा गोड रस पाण्याच्या तुलनेत किती दाट आहे त्याच्या) दशांशानंतरच्या आकड्याने भागायचं. पिल्सनरची घनता १.०४८ असेल तर ३५ भागिले ४८, म्हणजे ०.७३. स्टाउटची १.०९० असेल तर ६० भागिले ९०, म्हणजे ०.६७. शिवाय जड स्टाउटमध्ये न आंबलेली साखर बरीच उरते, ती कडवटपणा झाकते. पिल्सनर कोरडी संपते आणि तिचे बुडबुडे कडवटपणाला धार देतात. म्हणून नुसता आयबीयू बघून बाटली निवडू नका.

प्रश्न: माझ्या ग्लासात बिअरचा फेस पटकन बसतो आणि बुडबुडे काचेला चिकटून राहतात. बिअर शिळी आहे का?

उत्तर: आधी ग्लास तपासा. फेस उभा राहतो तो माल्टमधल्या प्रथिनांच्या आणि हॉप्सच्या जोरावर, आणि तेलाचा अगदी पातळ थरही तो मोडतो. काचेला चिकटलेले बुडबुडे तिथे तेल, साबण किंवा धूळ असल्याची खूण आहेत. ग्लास आतून ओला करून त्यात बारीक मीठ भुरभुरा. स्वच्छ काचेवर मीठ सगळीकडे एकसारखं चिकटतं, तेलकट जागी गळून पडतं. बिअरचे ग्लास जेवणाच्या भांड्यांपासून वेगळ्या स्पंजने धुवा, भरपूर पाण्याने खळखळा आणि जाळीवर उपडे ठेवून वाळवा. फडक्याने पुसू नका. ओठांना लावलेलं लिपस्टिक किंवा तळलेल्या पदार्थांचं तेलही फेस बसवतं.

शॅम्पेनच्या बाबतीत गंमत थोडी वेगळी आहे. तिच्या ग्लासात वर चढणाऱ्या बुडबुड्यांच्या माळा बहुतेक काचेला चिकटलेल्या सेल्युलोजच्या सूक्ष्म धाग्यांमधून सुटतात. फ्रान्समधल्या रेन्स विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी यावर बरंच काम केलं आहे. म्हणजे अगदी निर्मळ, गुळगुळीत ग्लासात त्याच बाटलीतली शॅम्पेन मंद वाटू शकते. काही उत्पादक म्हणूनच ग्लासाच्या तळाला लेसरने बारीक ओरखडे पाडतात. दोन फसफसणाऱ्या वाइनची बुडबुड्यांवरून तुलना करायची असेल, तर एकाच प्रकारचे, एकत्र धुतलेले ग्लास वापरणं भाग आहे. आणि ओतताना ग्लास तिरका धरा, बिअर ओततो तसा. उभ्या ग्लासात वरून ओतलं की विरघळलेला वायू जास्त निसटतो.

प्रश्न: हिरव्या बाटलीतल्या बिअरला कधी कधी उग्र, नकोसा वास येतो. बाटली मुदतीच्या आत असते, तरी असं का?

उत्तर: ती उजेडाने बिघडली. हॉप्समधले आयसो-अल्फा घटक, बिअरमधलं रायबोफ्लेव्हिन (ब-२ जीवनसत्त्व) आणि प्रकाश यांच्यातून थायॉल नावाचं गंधकाचं, अतिशय तीव्र वासाचं संयुग तयार होतं. उन्हात काही मिनिटंही त्याला पुरतात. तपकिरी काच हा प्रकाश बराच अडवते, हिरवी आणि पारदर्शक काच फारच कमी. डब्यात हा प्रश्नच येत नाही.

बाकीचे दोषही वासावरून ओळखता येतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे ऑक्सिजन लागलाय किंवा बाटली उष्ण जागी पडून होती. लोण्याचा वास डायअसिटिलचा, आंबवण्याची प्रक्रिया घाईने उरकल्याची खूण. उकडलेल्या मक्याचा वास डायमिथाइल सल्फाइडचा, कच्च्या हिरव्या सफरचंदाचा असिटाल्डिहाइडचा. आयपीएला यातलं काही नसलं, तरी ती गोडसर आणि मंद वाटली तर भरल्याची तारीख बघा. हॉप्सचा वास आठवड्यांच्या हिशोबाने उतरत जातो. ती नेहमी थंड आणि उभी ठेवा.

प्रश्न: ‘ब्रूट’ म्हणजे कोरडी ना? मग ब्रूट लिहिलेली फ्रेंच सायडर ब्रूट शॅम्पेनपेक्षा गोड का लागली?

उत्तर: शब्द तोच, नियम वेगळे. ब्रूट शॅम्पेनमध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. फ्रान्समधल्या ब्रूट सायडरला २८ ग्रॅमपर्यंत साखर चालते. शॅम्पेनच्या लेबलवर अजून एक फसवणारा शब्द आहे: ‘एक्स्ट्रा ड्राय’ ब्रूटपेक्षा गोड असते, १२ ते १७ ग्रॅम. खरी कोरडी हवी असेल तर ‘ब्रूट नेचर’ शोधा, ३ ग्रॅमपेक्षा कमी.

सायडर चाखताना आंबटपणा आणि तुरटपणा वेगळे नोंदवा. आंबटपणा मॅलिक आम्लाचा, तुरटपणा टॅनिनचा (सालीत-गरात असणाऱ्या तुरट घटकाचा). इंग्लंडमधल्या लाँग अ‍ॅश्टन संशोधन केंद्रात सायडरच्या सफरचंदांची वर्गवारी झाली, तिचा आधार हाच: रसात आम्ल ०.४५ टक्क्यांच्या वर की खाली, आणि टॅनिन ०.२ टक्क्यांच्या वर की खाली. खाण्याच्या सफरचंदांत टॅनिन कमी असतं, म्हणून त्यांची सायडर स्वच्छ आणि आंबट लागते, पण तोंडात भरत नाही. स्पेनच्या अस्तुरियास भागातली पारंपरिक सायडर मिळाली तर तिला ‘बुडबुडे गेलेली’ म्हणून बाजूला ठेवू नका. ती मुळातच जवळजवळ बिनवायूची असते. म्हणूनच ती डोक्यावरच्या उंचीवरून थोडीशीच ओततात आणि आपटून आलेला फेस असतानाच पितात.

प्रश्न: उघडलेल्या शॅम्पेनच्या बाटलीच्या तोंडात चमचा उभा ठेवला तर बुडबुडे टिकतात का?

उत्तर: नाही. पकड असलेलं बूच लावा आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवा. थंड द्रवात वायू जास्त विरघळलेला राहतो, चमच्याच्या नावावर जातं ते श्रेय थंडीचं. अर्ध्याहून जास्त भरलेली बाटली दुसऱ्या दिवसापर्यंत चांगली राहते.

प्रश्न: ४.५ टक्क्यांची सायडर, ८ टक्क्यांची क्राफ्ट बिअर आणि स्पार्कलिंग वाइन यांतली हलकी कोणती?

उत्तर: टक्का एकटा बघू नका, ग्लासात किती आहे तेही बघा. मिली गुणिले टक्का भागिले १००, आणि आलेल्या आकड्याला ०.७८९ ने गुणलं की अल्कोहोल ग्रॅममध्ये मिळतं. ५०० मिली सायडर म्हणजे सुमारे १८ ग्रॅम, ३३० मिली बिअर सुमारे २१, आणि १२ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास सुमारे १४. तिन्हींत सौम्य समजली जाणारी सायडर इथे वाइनच्या ग्लासापेक्षा जड निघते. पहिल्या प्रश्नातल्या बैठकीलाही हाच हिशोब लावा: सरासरी ६ टक्क्यांचे ९० मिलीचे सहा नमुने म्हणजे जवळपास २६ ग्रॅम. त्यानंतर गाडी चालवायची नाही.