महाधमनीच्या कमानीचा फुगवटा आणि जांघेतून होणारी दुरुस्ती : वाचकांच्या पत्रांना उत्तरे

मागील अंकात महाधमनीच्या फुगवट्यावर लेख आला होता, त्यात कमानीच्या भागाचा उल्लेख ओझरताच होता. त्यानंतर आलेल्या पत्रांत नेमके त्याच भागाविषयीचे प्रश्न अधिक आहेत आणि ते रास्त आहेत, कारण पोटातील महाधमनीविषयी जे बऱ्याच विश्वासाने सांगता येते ते कमानीला जसेच्या तसे लागू पडत नाही. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७२ आहे. आवाज घोगरा झाला म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवले, तेव्हा डाव्या स्वररज्जूची हालचाल थांबल्याचे दिसले आणि पुढे सीटी स्कॅनमध्ये महाधमनीच्या कमानीवर ६.१ सेंटिमीटरचा फुगवटा सापडला. एक सर्जन छाती उघडून शस्त्रक्रिया करावी असे म्हणतात, तर दुसरे म्हणतात की जांघेतून स्टेंट ग्राफ्ट बसवता येईल. बिनाचिरफाडीचा मार्ग असताना छाती का उघडावी, असे आम्हा भावंडांना वाटते. आमचे बरोबर आहे का?

उत्तर : प्रथम आवाजाविषयी. डाव्या स्वररज्जूला हलवणारी नस छातीत उतरून महाधमनीच्या कमानीला खालून वळसा घालते आणि पुन्हा घशाकडे वर चढते. कमान फुगली की ही नस ताणली जाते, आणि म्हणूनच काही रुग्णांमध्ये घोगरा आवाज हेच या विकाराचे पहिले लक्षण असते. तुमच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी घशापाशी न थांबता छातीचा स्कॅन करून घेतला, हे फार चांगले झाले.

आता मुख्य मुद्दा. हृदयातून निघालेली महाधमनी वर चढते, छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याशेजारून खाली उतरते. या वळणाच्या माथ्यावरून तीन मोठ्या शाखा निघतात : उजवा हात आणि मेंदूचा उजवा भाग यांना रक्त देणारी इनॉमिनेट धमनी, मेंदूच्या डाव्या भागाकडे जाणारी डावी कॅरोटिड आणि डाव्या हाताकडे जाणारी डावी सबक्लेव्हियन. स्टेंट ग्राफ्ट म्हणजे धातूच्या स्प्रिंगसारख्या कड्यांवर शिवलेली कापडी नळी. ती फुगवट्याच्या आतून अशी बसवायची असते की रक्त नळीतून वाहावे आणि फुगलेल्या भिंतीवरचा दाब उतरावा. त्यासाठी नळीच्या दोन्ही टोकांना निरोगी, न फुगलेल्या धमनीचा साधारण २ सेंटिमीटर लांबीचा टापू लागतो, ज्याला आम्ही टेकण्याची जागा म्हणतो. कमानीत अडचण येते ती इथेच. ही जागा जितकी हृदयाच्या दिशेने सरकवावी लागते, तितक्या अधिक शाखांची तोंडे कापडाखाली झाकली जातात, आणि त्यांतल्या शाखा मेंदूला रक्त देणाऱ्या असतात.

म्हणून तज्ज्ञ कमानीचे शून्य ते चार असे विभाग पाडून बोलतात. डाव्या सबक्लेव्हियनच्या लगेच पलीकडचा विभाग तीन आणि त्याच्याही पुढचा विभाग चार, सबक्लेव्हियन आणि डाव्या कॅरोटिडच्या मधला विभाग दोन, डावी कॅरोटिड आणि इनॉमिनेट यांच्या मधला विभाग एक, आणि इनॉमिनेटसह चढत्या महाधमनीचा विभाग शून्य. ‘बाबांचा ग्राफ्ट कोणत्या विभागात टेकणार?’ हा प्रश्न तुम्ही दोन्ही डॉक्टरांना विचारावा, असे मी आग्रहाने सांगेन. विभाग तीन किंवा दोन असे उत्तर आले, तर जांघेतून होणाऱ्या दुरुस्तीची बाजू भक्कम होते. विभाग शून्य असे उत्तर आले, तर जखम कितीही लहान असली तरी ती मोठी शस्त्रक्रिया आहे असे समजूनच निर्णय घ्यावा.

छाती उघडून कमान बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा अनुभव दीर्घ आहे. १९७५ मध्ये रँडल ग्रीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीर थंड करून, रक्ताभिसरण काही काळ पूर्ण थांबवून कमान बदलण्याची पद्धत मांडली, आणि आज रक्ताभिसरण थांबलेले असतानाही मेंदूला स्वतंत्र नळीने रक्त दिले जाते. पुरेशी प्रकृती असलेल्या रुग्णासाठी हाच आजही प्रमाण मानला जाणारा उपाय आहे. जांघेतून ग्राफ्ट बसवण्याचा इतिहास त्या मानाने तरुण आहे : निकोलाय व्होलोदोस यांनी १९८७ मध्ये खारकीव्ह येथे छातीतील महाधमनीत, हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये ब्युनोस आयर्स येथे पोटातील महाधमनीत असे ग्राफ्ट बसवले, आणि कमानीसाठी शाखा असलेल्या ग्राफ्टचे अनुभव जपानच्या कांजी इनोउए यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. शाखायुक्त ग्राफ्टचे दहा-पंधरा वर्षांनंतरचे वर्तन सांगणारा अनुभव अजून तुटपुंजा आहे. बहात्तरीच्या पण धडधाकट माणसाच्या बाबतीत ही गोष्ट वजनदार ठरते. उलट फुप्फुसे कमजोर असतील, हृदय अशक्त असेल किंवा छाती पूर्वी एकदा उघडलेली असेल, तर तोच तराजू दुसरीकडे झुकतो.

मधले मार्गही आहेत. गळ्यात लहान छेद घेऊन उजव्या बाजूच्या कॅरोटिडमधून डावीला आणि तिथून सबक्लेव्हियनला बायपास, म्हणजे रक्ताची पर्यायी वाट, जोडायचा, म्हणजे झाकल्या जाणाऱ्या शाखांना दुसरीकडून रक्त मिळते, आणि मग जांघेतून ग्राफ्ट बसवायचा, ही हायब्रिड पद्धत त्यांपैकी एक. रुग्णाच्या स्कॅनच्या मापाने बनवलेला, आतून शाखा असलेला ग्राफ्ट हा दुसरा मार्ग. मात्र तो तयार होऊन यायला अनेक आठवडे लागतात, चढती महाधमनी त्याला टेकण्यायोग्य असावी लागते, आणि महाधमनीची झडप धातूची असेल तर अनेकदा तो वापरता येत नाही, कारण बसवताना उपकरणाचे टोक त्या झडपेतून पुढे न्यावे लागते. मुख्य ग्राफ्टच्या शेजारून शाखेसाठी लहान नळी वर काढण्याचे ‘चिमणी तंत्र’ तातडीच्या वेळी उपयोगी पडते, पण दोन नळ्यांमधल्या फटींतून गळती राहू शकते. नियोजित उपचारासाठी ते पहिली पसंती असू नये, असे माझे मत आहे.

‘बिनाचिरफाडीचा’ या शब्दाने कुटुंबीयांचे मन निर्धास्त होते, म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. कमानीतील या उपचाराचा सर्वांत मोठा धोका पक्षाघाताचा आहे. वृद्ध माणसाच्या कमानीच्या आतल्या भिंतीवर चुन्याचे आणि चरबीचे थर असतात. तारा आणि नळ्या त्या वळणावरून फिरताना एखादा कण सुटून मेंदूकडे जाऊ शकतो. गुंडाळलेल्या ग्राफ्टच्या घड्यांत अडकलेली हवाही तसेच करू शकते, आणि म्हणून अनेक ठिकाणी ग्राफ्ट शरीरात घालण्यापूर्वी कार्बन डायऑक्साइड सोडून त्यातील हवा हुसकली जाते व नंतर तो सलाइनने धुतला जातो. ग्राफ्ट उघडण्याच्या क्षणी रक्ताच्या लोटाने तो पुढे ढकलला जाऊ नये म्हणून तात्पुरत्या पेसमेकरने हृदय काही सेकंद इतक्या वेगाने धडकवले जाते की रक्तदाब उतरतो, तेवढ्यात ग्राफ्ट सोडला जातो आणि हृदय पुन्हा पूर्वपदावर येते. ज्या चमूला याचा नित्य सराव आहे, तिथेच हा उपचार करून घ्यावा.

६.१ सेंटिमीटर हे माप उपचाराच्या प्रचलित मर्यादेच्या, म्हणजे साधारण ५.५ सेंटिमीटरच्या, वर आहे. त्यात लक्षणही आहे. त्यामुळे निर्णयाला महिनोन्महिने लावू नयेत. तोपर्यंत रक्तदाब १३०/८० च्या खाली राखावा, धूम्रपान असल्यास पूर्ण थांबवावे, आणि छातीत किंवा पाठीत अचानक तीव्र कळ आल्यास ती ओसरण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माझे बारा वर्षांपूर्वी हृदयाचे बायपास झाले आहे. आता उतरत्या महाधमनीच्या सुरुवातीला फुगवटा निघाला असून ग्राफ्ट बसवताना ‘डाव्या हाताची धमनी झाकावी लागेल, पण हात जात नाही’ असे मला सांगण्यात आले. मला हे ऐकून झोप लागत नाही.

उत्तर : हाताविषयी सांगितलेले बरोबर आहे. डावी सबक्लेव्हियन झाकली तरी खांद्याभोवतीच्या आणि मानेतील आडवाटांनी हाताला बहुधा पुरेसे रक्त पोहोचते. काहींना कष्टाच्या कामात हात लवकर थकल्यासारखा वाटतो, एवढेच. तुमच्या बाबतीत मात्र मला हाताची काळजी नाही, हृदयाची आहे. हृदयाच्या बायपासमध्ये बहुतेक वेळा छातीच्या आतली डावी मॅमरी धमनी हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य धमनीला जोडलेली असते, आणि ही मॅमरी धमनी निघते ती याच सबक्लेव्हियनमधून. ती तशीच झाकली तर हृदयाच्या मोठ्या भागाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. त्यामुळे तुमच्या बायपासचा शस्त्रक्रिया-अहवाल शोधून काढा आणि ग्राफ्ट बसवणाऱ्या डॉक्टरांच्या हाती तो प्रत्यक्ष द्या. त्यात मॅमरी ग्राफ्टचा उल्लेख असेल, तर सबक्लेव्हियन आधी सुरक्षित करणे टाळता येणार नाही. त्यासाठी गळपट्टीच्या हाडाच्या वर लहान छेद घेऊन कॅरोटिडपासून सबक्लेव्हियनपर्यंत बायपास जोडतात, किंवा एक शाखा असलेला ग्राफ्ट वापरतात. असा एक-शाखी ग्राफ्ट अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२२ मध्ये मान्य केला. डाव्या हातात डायलिसिसचा फिस्टुला, म्हणजे त्यासाठी धमनी आणि शीर यांचा केलेला जोड, असणाऱ्यांनाही हीच दक्षता लागते.

या धमनीची आणखी एक कामगिरी आहे. तिच्यातून निघणारी व्हर्टिब्रल धमनी मेंदूच्या मागच्या भागाला आणि मज्जारज्जूच्या वरच्या भागाला रक्त देते. ग्राफ्टने छातीतील महाधमनीचा लांब पट्टा झाकला, आणि पूर्वी पोटातील महाधमनीचीही दुरुस्ती झालेली असली, तर मज्जारज्जूला रक्त कमी पडून पायांतील शक्ती जाण्याचा धोका वाढतो. म्हणून उपचारानंतर आयसीयूमध्ये परिचारिका तुम्हाला तासातासाला पाय उचलून दाखवायला, पावले वर-खाली करायला सांगतील. झोपमोड झाली तरी त्यांना साथ द्या आणि पाय जड वाटला तर लगेच सांगा. त्या क्षणी रक्तदाब मुद्दाम वाढवून आणि कमरेतून मज्जाद्रव काढून गेलेली शक्ती परत आणता येण्याची संधी असते, पण ती वेळेवर अवलंबून असते.

प्रश्न : मला मारफान सिंड्रोम हा आनुवंशिक विकार आहे. वय २९. माझ्यापेक्षा वयाने दुप्पट असलेल्यांना स्टेंट बसवतात आणि मला मात्र मोठीच शस्त्रक्रिया सांगतात, हा अन्याय वाटतो.

उत्तर : तुमची खंत मी समजू शकतो, तरीही तुमच्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे. ग्राफ्ट जागच्या जागी राहतो तो त्याच्या कड्या धमनीच्या भिंतीला सतत बाहेर रेटत असल्यामुळे. मारफानमध्ये शरीराला आधार देणारी संयोजी ऊतीच कमकुवत असते, त्यामुळे आज निरोगी दिसणारी टेकण्याची जागाही त्या रेट्याने कालांतराने रुंदावते किंवा तिच्यात नवीन चीर पडते, आणि ही चीर हृदयाच्या दिशेने सरकली तर जीव धोक्यात येतो. छाती उघडून शिवलेले कृत्रिम ग्राफ्ट तुम्हाला पुढची अनेक दशके साथ देऊ शकते. मागाहून कधी जांघेतून उपचाराची गरज पडलीच, तर स्टेंट ग्राफ्टला टेकायला हेच शिवलेले कापड भक्कम जागा ठरते. फुटलेल्या महाधमनीसारख्या आणीबाणीत अपवाद करावा लागतो, तो जीव वाचवण्यापुरता. गर्भधारणेचा विचार असेल, तर त्याआधी महाधमनीचे माप घेऊन सविस्तर चर्चा करा, ही विनंती.

प्रश्न : ग्राफ्ट बसवून एक वर्ष झाले. ताज्या सीटी अहवालात ‘टाइप दोन एंडोलीक’ असे लिहिले आहे. ग्राफ्ट फुटला का? शिवाय माझे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेले असताना दरवर्षी डाय (रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून टोचले जाणारे द्रव्य) देऊन सीटी करायचाच का?

उत्तर : ग्राफ्ट फुटलेला नाही. एंडोलीक म्हणजे फुगवट्याच्या पिशवीत रक्त अजूनही शिरत असणे. टाइप एकमध्ये ते ग्राफ्टच्या टोकाशी न बसलेल्या फटीतून शिरते आणि टाइप तीनमध्ये ग्राफ्टच्या सांध्यातून किंवा कापडाच्या छिद्रातून. या दोन्हींत पिशवीवर पूर्ण दाब येतो, म्हणून त्यांची दुरुस्ती लांबवू नये. टाइप दोनमध्ये एखाद्या लहान शाखेतून रक्त उलट वाहत पिशवीत येते. कमानीजवळच्या ग्राफ्टमध्ये ते पुष्कळदा बंद न केलेल्या सबक्लेव्हियनच्या बुंध्यातून किंवा बरगड्यांमधल्या धमन्यांतून येते. पिशवीचे माप स्थिर असेल तर केवळ लक्ष ठेवणे पुरते. दोन स्कॅनमध्ये माप ५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक वाढले, तर ती शाखा कॉइल, म्हणजे धातूच्या तारेची बारीक गुंडाळी, टाकून बंद करण्याचा विचार होतो. म्हणून अहवालासोबत जुन्या स्कॅनची सीडीही न्या, कारण तुलना चित्रांचीच करावी लागते.

मूत्रपिंडाविषयी तुमची शंका योग्य आहे. पिशवीचे माप डाय न देताही सीटीवर घेता येते. माप वाढलेले दिसले तरच डायचा स्कॅन करावा, अशी पद्धत मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णांत ठेवता येते. तपासणीच टाळणे मात्र योग्य नाही, कारण ग्राफ्ट सरकणे किंवा टोकाशी धमनी रुंदावणे हे बिनलक्षणाचे असू शकते.

प्रश्न : ग्राफ्ट असताना एमआरआय चालतो का? आणि कोणती औषधे टाळावीत?

उत्तर : बहुतेक आधुनिक ग्राफ्ट नायटिनॉल या मिश्रधातूचे असतात आणि ठरावीक अटींवर एमआरआय चालतो. उपचाराच्या वेळी मिळालेले उपकरणाचे कार्ड एमआरआय केंद्रात दाखवा. औषधांपैकी सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविकांविषयी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१८ मध्ये इशारा दिला की महाधमनीचा फुगवटा असलेल्यांना दुसरा पर्याय असेल तर ही औषधे देऊ नयेत. लघवीच्या किंवा छातीच्या संसर्गासाठी ती सर्रास लिहून दिली जातात. त्यामुळे कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात, अगदी किरकोळ तापासाठी गेलात, तरी ‘माझ्या महाधमनीत फुगवटा आहे आणि ग्राफ्ट बसवलेला आहे’ हे आधी सांगा. आपल्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांनाही महाधमनीची तपासणी करून घ्यावी का, हे आपल्या तज्ज्ञांना विचारा, कारण छातीतील महाधमनीचा फुगवटा काही कुटुंबांत पिढ्यानपिढ्या आढळतो.