आजोबांची बत्तीस इंची, मेहुण्यांची सव्वीस इंची

प्रश्न : नमस्कार, मी गंगापूर रोडला राहतो. मेहुणे अमेरिकेत साउथ डकोटाला असतात, ऑक्टोबरमध्ये आम्ही जातोय तर ते म्हणाले फेझंटच्या (रानकोंबड्यासारखा पक्षी) शिकारीला चला, तुमच्यासाठी बारा बोअरची छर्र्यांची बंदूक बघून ठेवतो, नळी २६ इंची हवी का २८? आता आमच्या आजोबांची दुनळी ३२ इंची, घरात सगळे म्हणायचे नळी लांब तेवढा मार लांब. मग २६ म्हणजे खेळणंच की! आणि जायच्या आधी नांदूर मधमेश्वरला थोडा हात साफ करता येईल का?

उत्तर : शेवटचं आधी सांगतो. नाही म्हणजे नाही! ते अभयारण्य आहे, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, आणि तसंही १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून आपल्याकडे तितर-बदकाची हौसेची शिकार कुठेच चालत नाही. तिथे दुर्बीण घेऊन जा, नेमबाजी रेंजवर.

आता नळी. आजोबांच्या काळातली समजूत बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूची, ती सावकाश जळायची म्हणून लांब नळी लागायची. आजची दारू नळीच्या सुरुवातीलाच जळून जाते, पुढे इंचामागे वेग सेकंदाला पाच-दहा फूट इकडेतिकडे, आणि काडतूसच मुळात बाराशे-तेराशे फुटांनी सुटतं, तेव्हा त्या दोन इंचांनी फेझंटला काय कळणारे? छर्रे किती पसरणार ते ठरवतो चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेली अरुंदी. ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात फुल चोक साधारण ७० टक्के छर्रे टाकतो, त्याहून सैल मॉडिफाइड ६०, आणखी सैल इम्प्रूव्हड सिलिंडर ५०. फेझंट बहुतेकदा गवतातून जवळच फडफडत उठतो, शेवटचे दोन पुरे.

मग लांबीचा उपयोग काय तर हाताला. लांब नळी तोंडाकडे जड, एकदा फिरली की फिरत राहते, छोटी पटकन उचलली जाते पण तेवढीच पटकन थांबते, आणि नवखा माणूस ट्रिगर दाबताना हात थांबवतोच, मग छर्रे पक्ष्याच्या मागे. अजून एक, पंप (पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायची) किंवा ऑटोमॅटिक (आपोआप भरणारी) एकनळीचा मधला सांगाडा दुनळीपेक्षा तीन-चार इंच लांब असतो, म्हणून २६ ची ऑटोमॅटिक हातात जवळजवळ ३० च्या दुनळीएवढी भरते. मेहुण्यांना आधी हे विचारा. दुनळी असेल तर २८, ऑटोमॅटिक असेल तर २६, माझं मत एवढंच. दस्ता खांद्याला नीट बसतोय का हे मात्र दोन्हीपेक्षा महत्त्वाचं.

साउथ डकोटात फेझंटचा फक्त नर मारता येतो, दिवसाला तीन. व्हिजिटर व्हिसावर असाल तर शिकारीचं लायसन्स हातात आल्याशिवाय बंदुकीला हात लावू नका, मेहुण्यांची असली तरी.

आणि आजोबांची दुनळी अजून घरात असेल तर परवाना कुणाच्या नावावर आहे ते बघून घ्या. कुणी म्हणालं कापून २६ ची करून देतो तर अजिबात नको, आर्म्स ॲक्ट १९५९ नुसार परवान्याशिवाय नळी छोटी करणं गुन्हा आहे, शिवाय तोंड कापलं की चोकही त्याच्याबरोबर गेला.